बारा तोळे पाणी

मामंजींनी पहिली नानकटाई उचलली, नाकाजवळ नेली, उलटी करून पाहिली आणि कुणाला काही कळायच्या आत ऐरणीवर ठेवून तिच्यावर हातोडीचा टोला घातला.

नानकटाई फुटली नाही. टुणकन उडाली आणि घरंगळत भिंतीपाशी गेली.

“अस्सल माल आहे, सूनबाई,” ते म्हणाले. “कोंदण करून देतो. अंगठीत शोभेल.”

माझे सासरे थट्टा करायचे ती अशीच, चेहऱ्याची सुरकुती न हलवता. एरवी मी हसले असते. पण मागच्या खोलीतून, खाटेवर पडलेल्या शरयूवन्संचा आवाज आला, “आईची वाटी घालवल्यावर दुसरं काय होणार?” आणि माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

ही एकसष्ट सालची गोष्ट. सिन्नरला आमचं, म्हणजे उदावंतांचं, घर. पुढं सोनारकामाची पेढी, मागं आम्ही. मी तेव्हा एकवीस वर्षांची, मॅट्रिक पास, आणि गणितात पंचाऐंशी मार्क मिळाल्याचा तोरा अजून न उतरलेला. शरयूवन्सं म्हणजे माझी नणंद. माझ्याहून वर्षाने मोठ्या. सातवा महिना होता आणि उद्या त्यांचं डोहाळजेवण. बाकीच्या बायकांना सातव्यात तेज येतं. यांचे मनगटाएवढे दंड झाले होते. खाल्लं की उलटी. वरण-भात नको, दूध नको, फळ नको. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “काहीही खाऊ दे, पण खाऊ दे. असंच चाललं तर पोरीचं आणि पोटातल्याचं, दोघांचंही अवघड आहे.”

मी विचारलं, वन्सं, काय खावंसं वाटतं?

त्या भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, “आईची नानकटाई.”

आता आई कुठून आणायची? माझ्या सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. नानकटाई ही त्यांची खास चीज. दिवाळीत गावच्या बेकरीच्या भट्टीत सगळ्यांचे ट्रे भाजायला जायचे, पण कासमभाई बेकरीवाले फक्त आमच्याच ट्रेमधली एक नानकटाई भाजणावळ म्हणून मागून घ्यायचे. सासूबाईंची वही मात्र होती. त्यात लिहिलेलं होतं:

‘तूप थिजलेले अच्छेर. मैदा माझ्या वाटीने दहा. पिठीसाखर माझ्या वाटीने पाच. रवा एक. सोडा दोन चिमटी. जायफळ.’

तूप वजनावर, कारण ते गवळ्याकडून अर्धा शेर तोलूनच यायचं. बाकी सगळं ‘माझ्या वाटीने’. आणि ती वाटी घरात नव्हती.

ती मीच घालवली होती. सासूबाई गेल्या तेव्हा मला या घरात येऊन जेमतेम चार महिने झाले होते. तेराव्याला गुरुजी म्हणाले, दानाला चांदीचं एखादं भांडं आणा. बायका रडत होत्या, पुरुष पंगतीच्या गडबडीत. मी उत्साही, नवी सून. धावत आत गेले. मैद्याच्या डब्यात एक चांदीची वाटी असायची, साधी, बिननक्षीची. म्हटलं, बरी सापडली. घासली, पुसली, मामंजींच्या समोर ताटात नेऊन ठेवली. त्यांनी पळीभर पाणी सोडलं आणि वाटी गेली. गुरुजी परगावचे, दोन महिन्यांनी चौकशी केली तेव्हा ते काशीला जाऊन राहिले होते.

दिवाळीत शरयूवन्सं माहेरी आल्या, डबा उघडला आणि विचारलं, वाटी? मी खरं सांगितलं. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलायच्या त्या भिंतीला ऐकवल्यासारख्या. त्या वर्षी मी घरातल्या दुसऱ्याच वाटीनं नानकटाई केली. ती ट्रेमध्ये पसरून एकच थोरली भाकरी झाली. वन्संनी तुकडा तोंडात घातला, खाली ठेवला आणि म्हणाल्या, “ही आईची नाही.” त्यांचं खोटं नव्हतं.

तर आदल्या दिवशी मला एक युक्ती सुचली होती. वाटी गेली, पण ती वाटी घडवणारा माणूस तर पेढीवर बसलेला होता! मी पदर खोचून गेले.

“मामंजी, सासूबाईंची वाटी किती तोळ्यांची होती?”

“चांदी का पाणी?”

“म्हणजे?”

“चांदी सव्वाआठ तोळे. पाणी मावायचं बरोब्बर बारा तोळे. तिची अटच होती तशी. म्हणायची, शेजारणींच्या वाट्यांचा काही नेम नाही, मला एक कायमचं माप करून द्या. काठ दोनदा ठोकून बसवला तेव्हा कुठं काटा सरळ उभा राहिला.”

मला पुढचं ऐकायची गरज वाटली नाही. एक वाटी म्हणजे बारा तोळे. दहा वाट्या म्हणजे एकशेवीस तोळे. ऐंशी तोळ्यांचा शेर. म्हणजे दीड शेर मैदा! साखर पाऊण शेर! पंचाऐंशी मार्क काय उगाच मिळतात? वाण्याकडून तोलून आणलं, तुपात कालवलं. पीठ काही केल्या गोळा होईना, तर वर दूध शिंपडलं. सकाळी ट्रे भट्टीवर पाठवला. कासमभाईंनी परत देताना विचारलंसुद्धा, “वहिनी, नानकटाई करायची होती का पाटा-वरवंटा?”

आणि आता ती ऐरणीवरून उडून भिंतीपाशी पडलेली.

मी नाक ओढत म्हटलं, “मामंजी, गणित बरोबर होतं हो माझं.”

“गणित कसलं?”

मी सांगितलं. बारा दाहे एकशेवीस. ते ऐकत होते, ऐकत होते, आणि एकदम त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

“अगं वेडे, बारा तोळे पाणी! पाणी म्हटलं मी. मैदा नाही. आणि मी काय, शहाणा? काल तू दीड शेर दीड शेर करत गेलीस आणि मी इथं बसून मान हलवली. पन्नास वर्षं साच्यात ओततोय. एका साच्यात मेण ओतलं, त्यातच चांदी ओतली, त्यातच सोनं ओतलं, तर वजन एक येईल का?”

“नाही.”

“मग वाटीत पाणी आणि वाटीत मैदा?”

मैदा म्हणजे निम्मी हवा! पाण्याएवढी जागा अडवतो, पण त्याला पाण्याएवढा भार कुठला? म्हणजे मी जवळजवळ दुप्पट पीठ घातलं होतं, अन् तूप तेवढंच. नानकटाई कसली होतेय, वीटच होणार! लाज वाटायला हवी होती. मला तर उड्या माराव्याशा वाटल्या. चूक सापडली म्हणजे रस्ता सापडला.

“मामंजी, पाणी बारा तोळे मावेल अशी वाटी शोधली तर?”

“तर तीच तिची वाटी,” ते म्हणाले, आणि हातातली पाटली बाजूला ठेवून उठले. दुपारपर्यंत द्यायची होती ती. गिऱ्हाईक पायरीवर बसलेलं. त्याला म्हणाले, “उद्या या, आज आमच्या घरात घाई आहे.” मी लग्न होऊन आल्यापासून त्यांनी गिऱ्हाईक परत पाठवलेलं पाहिलं नव्हतं.

घाई होतीच. आमचे हे नाशिकला, वन्संच्या सासरच्या मंडळींना आणायला गेलेले. उद्या शुक्रवार, बेकरी बंद. आज तीन वाजता भट्टी निवते. म्हणजे तीनच्या आत ट्रे तिथं पोहोचला पाहिजे, आणि घड्याळात अकरा वाजून गेले होते.

चांदी तोलायचा मोठा तराजू भिंतीला टांगलेला असे. त्याला कुणी उष्टा हात लावायचा नाही, त्याच्याखालून वाकून जायचं नाही, त्याची दसऱ्याला पूजा. त्यात आजवर चांदीशिवाय काही पडलं नव्हतं. मी चाचरत उभी राहिले, तर मामंजींनीच त्याला हात जोडले. म्हणाले, “लक्ष्मी आहे ती. लेकीच्या पोटात अन्न जायचं म्हटल्यावर ती कशाला रागावेल? आण भांडी.”

मग काय विचारता! मी स्वयंपाकघरातली एकूण एक वाटी पेढीवर आणून मांडली. रिकामी वाटी एका पारड्यात, तिच्या भाराइतकी वाळू दुसऱ्यात, मग वाटीत काठोकाठ पाणी आणि समोर वजनं. कल्हईची वाटी, साडेनऊ तोळे. आमटीची, अठरा. मुरडीच्या काठाची, चौदा. चहाचा कप, पंधरा. तूप वाढायची, सहा. फुलपात्र तर वेडंवाकडंच. पेढीभर पाणी झालं. मामंजींचं धोतर भिजलं, आणि ते ओरडत होते, “पुढची! पुढची आण!” शेजारचे कासार डोकावून गेले. सोनारानं पाणी विकायला काढलं की काय, अशी त्यांची मुद्रा होती.

एकही बारा तोळ्यांची निघाली नाही.

“संपल्या,” मी म्हटलं.

“पेला?”

“काचेचा आहे. त्यात तर वीस मावेल.”

“मावू दे की. आपण बाराच ओतू.”

पेला पारड्यात ठेवला. समोर त्याच्या भाराची वाळू आणि वर बारा तोळे. मी चमच्याने पाणी घालत गेले, मग पळीने थेंब थेंब. काटा हलला, डुलला, आणि सरळ उभा राहिला. मामंजींनी श्वास रोखून पेला हातात धरला आणि पाण्याच्या रेषेवर कोरणीने बारीक ओरखडा काढला.

“घे,” ते म्हणाले. “एवढी होती.”

ते त्या रेषेकडं जरा जास्तच वेळ पाहत राहिले. मग पेला पुसायला माझ्याकडं दिला.

मी मैदा भरला, रेषेशी सपाट व्हावा म्हणून पेला दोन-तीनदा हलकेच आपटला, खाली बसला तेवढा आणखी घातला. तोलला. साडेसात तोळे. खात्रीसाठी पुन्हा भरला. या वेळी सात. तिसऱ्यांदा पावणेआठ. पेला तोच, मैदा तोच, रेष तीच!

“असं कसं?” मी रडकुंडीला आले. “दहा वाट्यांत पाच-सात तोळ्यांचा फरक पडेल. पुन्हा ऐरणीवर जायचं का?”

“तू दर वेळी निराळी आपटतेस,” मामंजी म्हणाले. “ती कशी भरायची?”

“मला काय माहीत? तुम्ही पाहिलं असेल ना?”

“मी कशाला स्वयंपाकघरात जातोय?”

बारा वाजून गेले. आणि मागच्या दारातून आवाज आला.

“आपटायचा नाही.”

शरयूवन्सं उभ्या होत्या. दाराच्या चौकटीला धरून. दोन दिवसांत पहिल्यांदाच खाटेवरून आपण होऊन उठलेल्या. केव्हापासून ऐकत होत्या कोण जाणे.

“आई वाटीवरच चाळणी धरायची. मैदा वरून भुरभुर पडायचा. वाटीला हातसुद्धा लावू द्यायची नाही. मी एकदा धक्का दिला तर हातावर उलथणं बसलं होतं.” त्या हळूहळू पुढं आल्या आणि माझ्याकडं न बघता हात पुढं केला. “दे चाळणी.”

मी दिली. त्यांनी पेला पाटावर ठेवला, चाळणी उंच धरली आणि बोटांनी नुसती टिचकी मारत राहिल्या. मैदा पडत होता. रेषेला टेकला तशी त्यांनी चाळणी बाजूला केली.

“हं. तोला आता.”

सव्वासहा तोळे.

“पुन्हा,” मामंजी म्हणाले.

पुन्हा सव्वासहा. तिसऱ्यांदा सव्वासहा, काटा केसभरही हलला नाही.

“सव्वासहा!” मी ओरडले. “दहा वाट्या म्हणजे साडेबासष्ट! आणि मी एकशेवीस घातले होते हो वन्सं! एकशेवीस!”

आणि वन्सं हसल्या. आधी नाकातून, मग पोट धरून. “दादा, ती ऐरणीवरची दाखवा बघू मला,” वडिलांना म्हणाल्या, आणि भिंतीपाशी पडलेली नानकटाई हातात घेऊन परत हसल्या. दोन वर्षांत त्या माझ्या देखत हसल्या नव्हत्या.

साखर सहा तोळे भरली. रवा आठ. वन्सं म्हणाल्या, “आता माप सापडलंय, तर वजन कशाला करताय? पेल्यानंच घाला की दहा.”

“पेला काचेचा आहे,” मामंजी म्हणाले. “सूनबाई, वही आण. लिही. वाटी जाते, पेला फुटतो. वजन कुठं जात नाही.”

मी सासूबाईंच्या ओळीखाली लिहिलं. मैदा साडेबासष्ट तोळे, साखर तीस, रवा आठ, तूप चाळीस. त्यांनी वाचून पाहिलं, मान हलवली.

तूप फेसलं ते वन्संनी सांगितलं तसं, तळहाताने, परातीत, पांढरं लोण्यासारखं होईस्तोवर. माझा हात मोडायला आला. पीठ या वेळी दूध न शिंपडता गोळा झालं. ट्रे भरला तेव्हा पावणेतीन वाजले होते. मी पदर डोक्यावर आहे का नाही न बघता धावत सुटले. सराफकट्ट्यावरून उदावंतांची सून ट्रे घेऊन पळतेय, हे सिन्नरनं त्या दिवशी पाहिलं.

कासमभाई भट्टीचं झाकण लावतच होते. “वहिनी, पुन्हा वरवंटे?”

“उघडा हो! वन्संसाठी आहेत. उद्या डोहाळजेवण आहे.”

त्यांनी पुढं काही विचारलं नाही. ट्रे आत ढकलला. मी पिठाच्या पोत्यावर बसून बोटं मोजत राहिले. पंधरा मिनिटं झाली असतील, आणि तो वास आला. तूप, जायफळ आणि भाजलेला मैदा. कासमभाई नाक वर करून थांबले.

“हा तर मोठ्या वहिनींचा वास आहे,” ते म्हणाले.

ट्रे बाहेर आला. एकूण एक नानकटाई वर फुललेली, माथ्यावर चिरा गेलेल्या. त्यांनी न विचारता एक उचलली, गरमच तोंडात टाकली आणि डोळे मिटले. भाजणावळ फिटली.

घरी आले तर वन्सं ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, मामंजी शेजारी. मी ताटलीत चार ठेवल्या. वन्संनी एक घेतली. दातांनी मोडली नाही. जिभेवर ठेवून नुसती दाबली. मी त्यांच्या गळ्याकडं बघत होते. गिळली. आम्ही तिघं वाट बघत राहिलो. उलटी नाही. दुसरी घेतली. तिसरी. चौथी खाताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तोंड चालूच होतं.

“आईची आहे,” त्या म्हणाल्या. मग पदराने डोळे पुसून माझ्याकडं बघितलं, अगदी सरळ. “पण वहिनी, ती वाटी असती तर हा सगळा खटाटोप नसता ना गं. तू एकदा विचारायचंस तरी.”

आवाजात राग नव्हता, म्हणूनच फार लागलं. मी म्हटलं, “चुकलं माझं, वन्सं. मला ठाऊकच नव्हतं.”

“तिला ठाऊक नव्हतं,” मामंजी म्हणाले. “मला होतं.”

आम्ही दोघी त्यांच्याकडं वळलो.

“माझ्या हातची वाटी. शंभर वाट्यांत अंधारात चाचपून काढीन. हिनं ताटात आणून ठेवली तेव्हाच ओळखली. पाणी मी सोडलं, हिनं नाही.”

“मग बोलला का नाहीत, दादा?” वन्संचा आवाज चिरकला.

“घरात येऊन चार महिने झालेली पोर. घासून पुसून, मोठ्या हौसेनं घेऊन आलेली. चाळीस माणसं बसलेली, तुझ्या आत्या, काक्या. ‘ही नको, दुसरी आण’ म्हटलं असतं, तर त्या बायकांनी जन्मभर हिला ऐकवलं असतं. सासूच्या तेराव्याला काय केलंस म्हणून.” त्यांनी धोतराच्या सोग्यावरचा मैदा झटकला. “तुझी आई असती तर तिनंही पाणीच सोडलं असतं.”

मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “तू मात्र दोन वर्षं ऐकून घेतलंस. ते मी तेव्हाच बोलायला हवं होतं. ते माझं चुकलं.”

सासरा सुनेला असं म्हणतो, हे मी कधी ऐकलं नव्हतं. मी तशीच उठून आत गेले आणि पेला धुवायला घेतला. तो ओल्या हातातून निसटला. मोरीच्या दगडावर पडून त्याचे तीन तुकडे झाले.

बाहेरून वन्सं ओरडल्या, “काय फुटलं?”

“पेला!”

“वजन लिहिलंय ना?”

“लिहिलंय!”

“मग राहू दे. आणखी दोन नानकटाया आण.”

दुसऱ्या दिवशी डोहाळजेवण झालं. पुढं वन्संना मुलगी झाली, चांगली गुबगुबीत. बारशाच्या दिवशी मामंजींनी नातीला वाळे दिले आणि माझ्या हातात एक पुडकं ठेवलं. आत चांदीची वाटी होती. साधी, बिननक्षीची. मी पेढीवर जाऊन पाण्यानं भरून तोलली. बारा तोळे.

आता मामंजी नाहीत, वन्संही नाहीत. ती वाटी माझ्या मैद्याच्या डब्यात आहे. गेल्या दिवाळीत वन्संच्या त्या मुलीकडं, पुण्याला गेले होते. ती स्वतः आजी झालीय. स्वयंपाकघरात नानकटाईची तयारी मांडलेली, इलेक्ट्रिक वजनकाटा, ग्रॅमचे आकडे लुकलुकताहेत. शेजारी तिच्या आईची वही उघडी होती. मी चष्मा लावला.

वन्संनी आमच्या घरच्या वहीतलं पान जसंच्या तसं उतरवून नेलं होतं. खालचे तोळे माझे, वरचं अच्छेर, सोडा, जायफळ सगळं सासूबाईंच्याच शब्दांत. फक्त एक शब्द निराळा होता. सासूबाईंनी जिथं ‘माझ्या वाटीने’ लिहिलं होतं, तिथं वन्संच्या ठसठशीत अक्षरात होतं:

‘मैदा, वहिनीच्या वाटीने दहा.’